काच पाहावी, काचेतून पाहू नये

जुनी मोटार नव्याने उभी करायला घेतलीच आहे, तर ब्रेक, स्टिअरिंग असल्या फुटकळ गोष्टी मेकॅनिकवर सोडा आणि स्वतः काचेकडे वळा. काच आरपार दिसण्यासाठी असते, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. काचेच्या एका कोपऱ्यात बोटभर शिक्का असतो. बाकीची काच त्या शिक्क्याला आधार म्हणून दिलेली असते.

हा शिक्का वाचायला शिका. अमेरिकन लिबी-ओवेन्स-फोर्ड कंपनीच्या काचांवर दोन अक्षरं सापडतील, पहिलं महिन्याचं, दुसरं वर्षाचं. जानेवारीला एन, फेब्रुवारीला एक्स, मार्चला एल. यात क्रम शोधू नका, पाठ करा. ब्रिटिश ट्रिप्लेक्सवाल्यांनी अक्षरांचाही खर्च वाचवला. त्यांच्या शिक्क्यात कुठल्या अक्षराशी टिंब आहे, यावरून तारीख काढायची. म्हणजे टिंब की माशीची शीट, हे ठरवण्याइतकं भिंग जवळ हवं.

मग पत्रिका जुळवा. काचेचा जन्म गाडीच्या थोडा आधीचा हवा. गाडी मार्चमध्ये कारखान्याबाहेर पडली आणि काच जूनची निघाली, तर तीन महिने गाडी काय डोळे काढून फिरत होती? जुन्या गाड्यांच्या स्पर्धेतले परीक्षक हेच विचारणार आणि गुण कापणार. समजा, पहिल्या मालकाच्या हातून काच फुटली आणि त्याने दोन वर्षांनी त्याच कंपनीची नवी बसवली. ती काच आज अर्धशतक जुनी असली तरी खोटी. गेल्या महिन्यात तयार झालेली, तुम्ही सांगितलेली तारीख कोरून आणलेली काच मात्र अस्सल. हे पटायला जड जात असेल, तर तुम्ही अजून या छंदात नवे आहात.

शिक्का जमला की काचेच्या अंगाकडे बघा. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करायची पद्धत पिल्किंग्टन या ब्रिटिश कंपनीने जाहीर केली 1959 साली. त्याआधी चांगली काच दोन्ही बाजूंनी घासून, पॉलिश करून सपाट करत. स्वस्तातली थेट भट्टीतून ओढून काढत आणि तिच्यात लाटा राहत. तेव्हा 1950 च्या गाडीला आजची निर्मळ काच बसवणं म्हणजे आजोबांच्या फोटोला फिल्टर लावणं. समोरचा रस्ता किंचित डुलला पाहिजे.

लॅमिनेटेड काचेचं तर आणखी नाजूक. बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून 1903 मध्ये एक चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा वाळून बसला होता. त्यातूनच दोन काचांमध्ये पापुद्रा घालायची कल्पना निघाली. सुरुवातीचे ते पापुद्रे उन्हाने पिवळे पडत, कडेने सुटत. तेव्हा जुनी, पिवळट, कडेला बुरशी आल्यासारखी दिसणारी पुढची काच मिळाली तर सोडू नका. रात्री समोरून दिवे आले की काही दिसणार नाही, पण ते न दिसणंही त्या काळाचंच असेल.

याहून मागे, 1920 च्या आसपास गेलात, तर कित्येक गाड्यांना खिडकीचीच साधी काच होती. टक्कर झाली की सुऱ्याच सुऱ्या. इथे मात्र कट्टरातले कट्टर शुद्धतावादीही गुपचूप लॅमिनेटेड तावातून काच कापून घेतात. त्यांना दोष देऊ नका, नाक सगळ्यांनाच एकेक असतं.

बाजूच्या टफन्ड काचेबद्दल एवढंच: ती फ्रेममध्ये बसत नाही म्हणून कड जराशी घासून घ्यावी, असा विचार आला तर खाली सतरंजी अंथरा. ती काच आधी कापतात, मग तापवून झपाट्याने थंड करतात. नंतर कड घासायला गेलात, तर एकाच काचेचे हजार खडे होतात. त्यांतल्या एकावर शिक्का असेल, तो जपून ठेवा.

शेवटी पुढची काच. रबराच्या खाचेत दोरी घाला, एकाने बाहेरून दाबा, दुसऱ्याने आतून दोरी ओढा, म्हणजे रबराचा ओठ चौकटीवर उलटतो. अलगद बसेल. मग मागे सरून पाहा. रबराच्या दुसऱ्या ओठाने शिक्क्याचा खालचा अर्धा भाग झाकला असेल, नेमका तारखेचा. घाबरू नका, ब्लेडने तेवढं रबर कापून टाका. पाणी गळेल, पण पावसात ही गाडी नेणार कोण?