सगळ्यांच्या वहीत सारख्याच शेंगा

निसर्गात दोन झाडे सारखी नसतात या एका गोष्टीवर जो विषय उभा आहे, त्याच जैवसंख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकात संपूर्ण वर्गाचे आकडे तंतोतंत सारखे येतात आणि त्यात काही वावगे आहे असे कोणालाही वाटत नाही, याचा मला अतोनात संताप येतो.

प्रात्यक्षिक अगदी साधे आहे. सोयाबीनची ३० झाडे निवडायची, प्रत्येक झाडावरच्या शेंगा मोजायच्या, सरासरी आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप, काढायचे. दारव्हा-दिग्रसच्या या पट्ट्यात महाविद्यालयाच्या कुंपणापलीकडे सोयाबीन उभे असते, बी.एस्सी.च्या बहुतेक मुलामुलींच्या घरीही तेच पेरलेले असते आणि कामाला एक सकाळ पुरते. तरीही आकडे येतात ते मागच्या वर्षीच्या कोणा सीनियरच्या प्रॅक्टिकल रेकॉर्डमधून, तेही त्याच क्रमाने. कोणी घाईत २८ च्या जागी ८२ लिहिले, तर पुढच्या सगळ्या वह्यांमध्ये ८२ शेंगांचे ते झाड डौलाने उभे राहते आणि सरासरी मात्र जुनीच राहते, कारण तीही उतरवूनच घेतलेली असते.

प्रमाण विचलन काढताना भाजकात एन, म्हणजे मोजलेल्या झाडांची संख्या, न घेता एन वजा एक का घेतो असे विचारले, तर उत्तर मिळते, "पुस्तकात तसंच आहे मॅडम." सरासरी त्याच नमुन्यातून काढलेली असल्यामुळे विचलने थोडी कमी भरतात आणि ती तूट एन वजा एकने भरून निघते, हे समजावून सांगायला पाच-दहा मिनिटे लागतात, परंतु पेपरात दरवर्षी 'सरासरीचे गुण व दोष लिहा' हाच प्रश्न येणार असेल, तर ती मिनिटे मुलांना फुकट गेल्यासारखी वाटणारच. बारावीत गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्या या मुलांना गणिताची धास्ती आहे, हे मला मान्य आहे. मात्र शेंगा मोजायला गणित लागत नाही, वावरात जावे लागते.

हीच मुले गावात पीक विम्यावर बोलू लागली की ऐकत राहावे. विम्याची भरपाई ज्याच्या उत्पन्नावरून ठरते त्या पीक कापणी प्रयोगाचा प्लॉट नेमका पाणी धरणाऱ्या काळ्या रानात पडला, हलक्या जमिनीवरचे पीक तर वाळून गेले होते, मग महसूल मंडळाची सरासरी वर जाऊन भरपाई बुडणार नाही तर काय होणार, असा बिनतोड युक्तिवाद ती करतात. नमुना निवड, विचरण म्हणजे आकड्यांचा पसारा, सरासरीने झाकलेले वास्तव, सगळे त्यात असते. पीक कापणीसाठी यादृच्छिक निवडीची पद्धत आपल्या देशात १९४० च्या दशकात ज्यांनी रुजवली, त्यांत संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याबरोबर सातारा जिल्ह्यात जन्मलेले पांडुरंग सुखात्मे होते. पण ही गोष्ट अभ्यासक्रमात कुठेच नाही. डब्लिनच्या गिनेस कंपनीत बार्ली आणि बिअरच्या मोजक्या नमुन्यांवर काम करणाऱ्या गॉसेट यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने जी पद्धत मांडली, तीच दोन सरासऱ्यांमधला फरक तपासणारी आपली टी-टेस्ट, हेही नाही. आहे ते फक्त सूत्र आणि पुस्तकाच्या शेवटी छापलेला तक्ता.

मुलांवरचा राग तरी एका मर्यादेपर्यंत आहे. खरा राग आहे तो एम.एस्सी.च्या प्रकल्पांचे मार्गदर्शक म्हणवणाऱ्या सहकाऱ्यांवर. प्रबंध जमा करायची तारीख तोंडावर आली की एखाद्या विद्यार्थ्याला माझ्याकडे पाठवून निरोप येतो, "मॅडमकडून तेवढं स्टॅटिस्टिक्स लावून घे," जणू भाजी शिजून तयार आहे आणि वरून मीठ टाकायचे तेवढे राहिले आहे. यंदाचा नमुना पाहा. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर निंबोळी अर्काचा परिणाम, असा विषय. अर्क फवारलेले एक वावर, न फवारलेले दुसरे वावर, प्रत्येकात मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे पाच कामगंध सापळे आणि ३० रात्रींची पतंगांची मोजणी. पाच गुणिले तीस म्हणून प्रत्येक बाजूला एन बरोबर १५०, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.००१ पेक्षा कमी, आणि मार्गदर्शक खूश!

अहो, पण हे १५० आले कुठून? अर्क दिला गेला तो एका वावराला, न दिला गेला तो एका वावराला, म्हणजे प्रत्येक बाजूला एन आहे एक. त्या दोन वावरांत फरक आहे एवढेच या चाचणीने कळते, आणि ते त्या मुलाच्या आजीलाही ठाऊक आहे. न फवारलेल्या वावराच्या धुऱ्याला लागून शेजाऱ्याने मागच्या हंगामाची फरदड, म्हणजे वेचणीनंतरही न उपटलेली आणि बोंडअळीला आसरा देणारी कपाशी, ठेवली होती, हे त्या मुलानेच मला सहज बोलता बोलता सांगितले. प्रबंधात त्याचा उल्लेखही नाही. लागवड सुरू होण्यापूर्वी विचारले असते, तर दोनच्या जागी दहा-बारा लहान वावरे घ्या आणि कोणाला अर्क द्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, एवढेच मी सांगितले असते, आणि त्याला खर्चही फारसा आला नसता. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ मध्ये कलकत्त्याच्या संख्याशास्त्र परिषदेत अध्यक्षपदावरून बजावले होते की, प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे येणे म्हणजे बहुधा शवविच्छेदनाची मागणी करणे होय. प्रयोग कशाने मेला, एवढेच तो कदाचित सांगू शकेल. हे मी त्या सहकाऱ्यांना ऐकवले, तेव्हा ते म्हणाले, "ते ठीक आहे मॅडम, पण सिग्निफिकंट तर आलं ना?"

आता प्राचार्यांकडे तक्रार गेली आहे की मॅडम रेकॉर्डवर सह्या करत नाहीत आणि परीक्षा जवळ आल्याने मुलांचे नुकसान होते आहे. ज्या वहीत ते ८२ शेंगांचे झाड आहे, तिच्यावर माझी सही होणार नाही. सोयाबीन अजून सवंगायचे आहे, वावर रस्त्यापलीकडे आहे आणि शेंगा मोजायला परवानगीचे पत्र लागत नाही.