ओळखीतून अणुऊर्जेकडे

आपली कुपवाडच्या किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत एखादी शेड असेल, तिच्यात दोन लेथ आणि हप्ते सुरू असलेले एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारे मिलिंग यंत्र असेल, आणि तरीही आपण अद्याप ‘ऊर्जा व अणुऊर्जा क्षेत्रातील पुरवठादार’ असे व्हिजिटिंग कार्ड छापून घेतले नसेल, तर आपण काळाच्या फार मागे आहात. साखर कारखान्याच्या रोलरची दुरुस्ती आणि वनकुसवड्याच्या पठारावरील पवनचक्क्यांचे बोल्ट एवढ्यावर समाधान मानण्याचे दिवस संपले. नुकत्याच सांगली-मिरज रस्त्यावरील एका मंगल कार्यालयात झालेल्या पुरवठादार मेळाव्यात मला जे ज्ञान प्राप्त झाले, ते आपल्या हितासाठी येथे देत आहे.

मेळाव्याला वेळेवर जाऊ नये, परंतु दीपप्रज्वलन मात्र चुकवू नये. पंख्याच्या वाऱ्याने वात विझते, पंखा बंद करा असा ओरडा होतो, कोणी तरी भलतेच बटण दाबून माईक बंद करतो, आणि या गोंधळात समईच्या उजव्या हाताला उभे राहण्याची संधी चतुर उद्योजकाला साधता येते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तेवढाच फोटो येतो.

त्यानंतरची भाषणे मान डोलावत ऐकावीत. २०४७ पर्यंत देशात १०० गिगावॅट अणुवीज, छोट्या अणुभट्ट्यांसाठी २० हजार कोटी रुपये, हे आकडे २०२५ च्या अर्थसंकल्पातले असल्यामुळे खरेच आहेत. त्या वर्षी प्रत्यक्षातली क्षमता नऊ गिगावॅटच्याही आत होती, हे आठवून कोणाच्या आनंदावर विरजण घालू नये. जैतापूरचा उल्लेख आला की टाळ्या वाजवाव्यात. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, आणि अणुस्कुरा घाट उतरला की काम आपल्या दारात, असे वक्ते सांगतात. फ्रेंच कंपनीशी करार २०१० मध्येच झाला होता आणि वीज अजून कागदावरच आहे, हे सांगणारा माणूस पुढच्या मेळाव्याला बोलावला जात नाही. आभारप्रदर्शनात १९१० ची किर्लोस्करवाडी आलीच पाहिजे. आपल्या स्वतःच्या शेडमधील मायक्रोमीटरचे कॅलिब्रेशन शेवटचे कधी झाले, तो प्रश्न तेथे शोभत नाही.

पुरवठा केलेल्या मालाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, हे वाक्य व्यासपीठासमोर उच्चारू नये. पाहुण्यांच्या घशात जिलबी अडकते.

खरेदी विभागाचा अधिकारी प्रत्यक्ष भेटलाच, तर त्याच्याकडे ड्रॉइंग किंवा तपासणीचा आराखडा मागण्याचा उद्धटपणा करू नये. त्याचे गाव आणि सासुरवाड विचारावी.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे चित्र टाकत राहावे, म्हणजे आपण पुरवठा साखळीत आहोत असे गणले जाते.

आता सर्वांत महत्त्वाची युक्ती. अणुऊर्जेच्या कामात मालापेक्षा कागद जड असतो, आणि हा कागद, म्हणजे मालाच्या चाचणीचे प्रमाणपत्र (एमटीसी), स्वतः तयार करत बसण्यापेक्षा ओळखीतून मिळवणे केव्हाही सोपे. मेळाव्यात आपल्याशेजारी बसून मठ्ठ्याचा दुसरा ग्लास घेणाऱ्या गृहस्थांना रात्री साडेनऊला फोन करावा आणि म्हणावे, “साहेब, तुमच्याकडचं ३१६ एल स्टेनलेस स्टीलच्या बारचं एखादं एमटीसी पाठवा की. फॉरमॅट बघायचा होता.” त्यांनी नमुना म्हणून कोरा तक्ता पाठवला, तर तो नको म्हणावे. “भरलेलं द्या, आणि एडिट होईल अशी फाइल द्या. हीट नंबर तेवढा राहू दे, नाव आम्ही बदलून घेतो. काय होतंय हो त्याला, सांगलीचाच माणूस आहे मी.” समोरच्याने नकार दिला, तर रागावण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, ग्रुपवर लगेच लिहावे की काही लोकांना मोठेपणा आला आहे, आणि असे लोक असल्यामुळेच आपला जिल्हा मागे राहिला. त्याखाली अकरा जणांनी अंगठा दाखवला की समाधानाने झोपावे. ते न पाठवणारे गृहस्थ म्हणजे मी.

त्या कागदात एवढे काय असते, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी सांगतो. हीट नंबर हा भट्टीतून एका वेळी ओतलेल्या पोलादाचा क्रमांक असतो. बार कापण्याआधी तो क्रमांक कापल्या जाणाऱ्या तुकड्यावर पंच ठोकून उतरवावा लागतो, अनेकदा तपासनिसाच्या डोळ्यांसमोर, आणि तो एकदा हुकला की उरलेला बार आमच्या शेडमध्ये इतर कामाला जातो, त्याची किंमत काहीही असो. ३१६ एल मधील ‘एल’ म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या वर नाही. कार्बन जास्त असेल, तर वेल्डिंगच्या उष्णतेने क्रोमियम त्याच्याशी बांधले जाते, धातूच्या कणांच्या सीमेवर ते कमी पडते आणि तेथून गंज आत शिरतो. बाहेरून मात्र पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत राहतो. तपासनिसाच्या हातातील एक्स-रे गन मॉलिब्डेनम दाखवते, कार्बन दाखवू शकत नाही. म्हणजे ज्या आकड्यावर सगळे अवलंबून आहे, तो त्याला आमच्या कागदावरूनच मानावा लागतो. दुसऱ्याच्या मुलाचा जन्मदाखला दाखवून आपल्या मुलाला शाळेत घालावे, असा हा उद्योग आहे, आणि मुलाला निदान वर्गात बसून दाब आणि तापमान सोसावे लागत नाही.

आणि मागणाऱ्यांचे हे धाडस पाहा. २०१० च्या अणुदायित्व कायद्यात १७ वे कलम आले, सदोष मालाबद्दल प्रकल्पचालकाला पुरवठादाराकडून वसुली करण्याची वाट त्याने ठेवली, तेव्हा जगातल्या मोठमोठ्या कंपन्या वर्षानुवर्षे त्या एका कलमापाशी अडून बसल्या होत्या. त्यांच्याकडे वकिलांच्या फौजा होत्या, तरी त्या घाबरल्या. आमचे कुपवाडचे बंधू मात्र जेवण झाल्यावर, शतपावली करता करता, फोनवरून दुसऱ्याचा हीट नंबर मागतात.

आता उपरोध पुरे. अहो, लाज वाटू द्या. याला नेटवर्किंग म्हणत नाहीत, याला खोटा दस्तऐवज म्हणतात, आणि अंगठा दाखवणारे ते अकरा जणही त्यात आले. यांतील निम्म्यांचे वडील फौंड्रीत उभे राहून, हाताला फोड आणून काम शिकले. एक कास्टिंग आतून पोकळ निघाले तर ते गाडीभर माल परत घेत. तुम्हाला चाचणीच्या खर्चाची चिंता पडली आहे. मेळाव्याच्या फ्लेक्सवर, शाली-श्रीफळांवर आणि जिलबीवर जे पैसे उडाले, त्यात आपल्यापैकी कित्येकांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून झाले असते. आयोजकांनाही हेच सांगायचे आहे: पुढच्या वेळी आमदार बोलावू नका, एक तपासनीस बोलावा, त्याला दिवसभर बसवा, प्रत्येकाने आपला एक तुकडा आणि त्याचा कागद त्याच्यापुढे ठेवावा, आणि जे जुळत नाही ते त्याने सर्वांसमोर सांगावे. त्या दिवशी किती खुर्च्या भरतात ते मला पाहायचे आहे. आणि ज्यांना फॉरमॅट हवा आहे, त्यांनी आधी माल विकत घ्यावा, तपासून घ्यावा, येईल तो आकडा लिहावा, आणि त्याखाली स्वतःच्या नावाने सही करावी.