‘सहा सत्रं आणि नुसते प्रश्न’ : तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत : कंपनीने दिलेल्या आठ कोचिंग सत्रांपैकी सहा झाली, मॅडम नुसते प्रश्न विचारतात, सल्ला एकही नाही, तिसऱ्या सत्राची वेळ दोनदा बदलली, आणि माझं बोलणं एचआरपर्यंत पोहोचलं असावं.

वेळ बदलली, ही चूक माझीच. कामातून कसाबसा तास काढून येणाऱ्या माणसाला असं ताटकळत ठेवायला नको होतं. मनापासून माफी मागते.

एचआरची शंका मात्र मला जास्त लागली. पहिल्या बैठकीत तुमचे साहेब आणि एचआर होते, तिथे उद्दिष्ट सगळ्यांसमोर लिहून घेतलं. त्यानंतर माझ्याकडून कंपनीला जातं ते एवढंच : किती सत्रं झाली, कोणत्या तारखांना. प्रगतीबद्दल बोलायचं ते शेवटच्या बैठकीत, आणि तेही तुम्ही स्वतः. बिल कंपनी भरते, म्हणून खोलीतलं बोलणं कंपनीचं होत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचांच्या जागतिक संघटनेच्या आचारसंहितेत गोपनीयतेचं बंधन आहेच. ते नसतं तरी मी हेच पाळलं असतं. त्यामुळे सत्रांतला एकही शब्द मी इथे माझ्या बचावासाठीसुद्धा लिहिणार नाही.

प्रश्नांबद्दल माझाच अनुभव सांगते. चाकणला कारखान्यात प्रॉडक्शन सांभाळत होते तेव्हा माझी तक्रार असायची, की हाताखालची माणसं मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाहीत. माझ्या कोचने विचारलं, “पहिलं कोण बोलतं?” आठवडाभर डायरीच्या मागच्या पानावर रेघा मारल्या. अकरा मीटिंगा, त्यातल्या नऊंत मीच. ‘कमी बोला’ असं कुणी सांगितलं असतं तर मी दहा सबबी दिल्या असत्या. त्या नऊ रेघांपुढे एकही सुचली नाही.

तरी तुमच्या क्षेत्रात मुरलेल्या, ‘हे असं करा’ सांगणाऱ्या माणसाची गरज असेल, तर तीही खरीच. ते काम मेंटॉरचं; कोच प्रश्न विचारून तुमचं उत्तर तुम्हालाच शोधायला लावतो. हा फरक मी ओळखीच्या भेटीतच नीट उलगडून सांगायला हवा होता, तिथे मी कमी पडले.

उरलेल्या दोन सत्रांसाठी दुसरा कोच हवा असेल तर देते. थांबायचं असेल तर त्या दोन सत्रांचे पैसे कंपनीला परत करते. कंपनीने कारण विचारलं तरी माझ्याकडून कळणार नाही. सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.