लेटो-फोरबेक यांचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पॉल फॉन लेटो-फोरबेक यांच्यावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत शेवटपर्यंत न हरलेल्या या जर्मन सेनानीला मी हमालांच्या मृत्यूंचा हिशेब मांडून उगाच खाली खेचले आणि त्यांच्या गनिमी काव्याचे मोल ओळखले नाही, असा आपला आक्षेप आहे.

प्रथम तारखेची चूक मान्य करतो. 13 नोव्हेंबर 1918 रोजी त्यांना युद्धबंदीची बातमी मिळाली. प्रत्यक्ष शरणागती 25 नोव्हेंबरला अबेरकॉर्न (आजच्या झांबियातील गाव) येथे झाली. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

त्यांचे कौशल्य मी नाकारलेले नाही. नोव्हेंबर 1914 मध्ये मुंबईहून आलेल्या सुमारे 8,000 जणांच्या ब्रिटिश-भारतीय फौजेला त्यांनी जेमतेम हजारभर सैनिकांनिशी टांगा (आजच्या टांझानियातील) बंदरातून पिटाळले, तेही जर्मन पूर्व आफ्रिका वसाहतीचे गव्हर्नर हाइनरिश श्ने यांचा युद्धालाच विरोध असताना. (या पराभवाचे खापर मधमाश्यांवर फोडण्याची पद्धत मला पटत नाही, त्या दोन्ही बाजूंना चावल्या.) मात्र त्यांची खरी पारख मला जानेवारी 1915 मधील यासिनच्या लढाईत दिसते. ती जिंकूनही, गमावलेले अधिकारी आणि खर्ची पडलेली काडतुसे पाहून, असे विजय आपल्याला वारंवार परवडणार नाहीत हे त्यांनी ओळखले आणि पुढे ब्रिटिशांच्या युगांडा रेल्वेवर छोट्या तुकड्यांचे छापे घालण्यावर भर दिला. हा सेनापती हिशेबाला पक्का होता, आणि म्हणूनच त्या हिशेबातून काय वगळले गेले, हे विचारणे मला गैर वाटत नाही.

त्सेत्से माशीमुळे ओझ्याची जनावरे तिथे तग धरत नसत. धान्यापासून दारूगोळ्यापर्यंत सारे माणसांच्या डोक्यावरून जाई. ब्रिटिशांच्या बाजूने मेलेल्या हमालांचा अधिकृत आकडाच 95,000 च्या घरात आहे आणि त्यांतील बहुतेक जण रोगांनी व उपासमारीने गेले. ते पाप ब्रिटिशांचे, हे आपले म्हणणे रास्त आहे. पण जर्मन तुकड्याही वाटेतल्या गावांतून धान्य उचलत आणि माणसे वेठीला धरत पुढे जात होत्या. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, अशी ताकीद ज्या राज्याने आपल्या सैन्याला दिली, त्याच्या गनिमी काव्याशी या मोहिमेची तुलना करताना मी तरी दहा वेळा विचार करीन.

त्यांनी शत्रूची प्रचंड फौज अडकवून ठेवली आणि ती फ्रान्सला जाऊ शकली नाही, हा आपला मुद्दा भारतीय पलटणी आणि जहाजे यांच्यापुरता मला मान्य आहे. मात्र 1917 पासून त्यांचा पाठलाग मुख्यतः किंग्ज आफ्रिकन रायफल्स (ब्रिटिशांची पूर्व आफ्रिकी शिपायांची पलटण) आणि नायजेरियाच्या पलटणी करत होत्या, आणि आफ्रिकी पलटणींना युरोपच्या खंदकांत लढवण्याचे ब्रिटिशांचे धोरणच नव्हते.

अस्कारींच्या, म्हणजे जर्मन फौजेतील आफ्रिकी शिपायांच्या, निष्ठेबद्दल आपण लिहिलेत ते खरेच आहे. शरणागतीच्या वेळी हजाराहून अधिक अस्कारी त्यांच्याबरोबर होते. त्यांचा थकलेला पगार देण्याचा निर्णय पश्चिम जर्मनीने 1964 मध्ये, म्हणजे लेटो-फोरबेक वारले त्या वर्षी घेतला. हा तपशील मूळ लेखात राहून गेला होता, तो आता जोडत आहे. हमालांविषयीचा परिच्छेद मात्र आहे तसाच ठेवत आहे.