कुलूप कागदात की बियाण्यात

मे महिना लागला की यवतमाळ-अकोल्याकडच्या कृषी केंद्रांसमोर एक वाद ठरलेला असतो. एक जण म्हणतो, मोन्सँटो या अमेरिकन कंपनीनं कपाशीच्या बियाण्यावर रॉयल्टी खाऊन कास्तकाराला भिकेला लावलं. दुसरा म्हणतो, कंपनीनं नाही, सरकारनं. तिचं तणनाशक सहन करणारं पुढचं बियाणं येऊ दिलं असतं तर निंदणाचा खर्च तरी वाचला असता. खरं तर मोन्सँटो हे नावच आता उरलेलं नाही. 2018 मध्ये बायर या जर्मन कंपनीनं ती विकत घेतली आणि भारतातली मोन्सँटो इंडिया पुढच्या वर्षी बायर क्रॉपसायन्समध्ये विलीन झाली. शिव्या मात्र अजून जुन्याच नावावर जमा होतात.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये, नमोई नदीच्या खोऱ्यात वी वा आणि नॅराब्राय ही कापसाची गावं आहेत. काळी माती तशीच, कपाशीत बोंडअळी मारणारं विष तयार करणारं बीटी जनुक तेच, कंपनी तीच. ती इथंही परदेशीच आहे आणि इथूनही पैसा नेतेच. तरी इथल्या कास्तकाराचं आणि तिचं नातं वेगळं आहे, कारण तिनं करार वेगळ्या माणसाशी केला आहे. गावाकडच्या वादात नेमकी हीच गोष्ट कोणी काढत नाही. रॉयल्टी किती, यावर पंधरा वर्षं डोकी फुटली. सही कोणाची, हे कोणी विचारलं नाही.

भारतातली रचना आधी पाहू. 1998 मध्ये मोन्सँटोनं जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीत 26 टक्के हिस्सा घेतला. हा आकडा सहज आलेला नसतो. भारतीय कंपनी कायद्यात विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात. पाव हिश्श्याहून जास्त ज्याच्या हातात, त्याला असा ठराव अडवता येतो. मग दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत महिको मोन्सँटो बायोटेक काढली. भागभांडवलावरून उपकंपनी ठरायला निम्म्याहून जास्त हिस्सा लागतो. बरोबर निम्मा असला की ती संयुक्त कंपनी: नफ्यात दोघं, आणि दोष द्यायची वेळ आली की ज्यानं त्यानं दुसऱ्याकडं बोट दाखवायला मोकळं.

या कंपनीचा मुख्य धंदा बियाण्याचा नव्हता, जनुकाचा होता. चाळीसहून जास्त भारतीय बियाणे कंपन्यांना तिनं परवाने दिले. त्यांनी ते जनुक आपापल्या संकरित वाणात घातलं, सुरुवातीला एकरकमी शुल्क भरलं आणि पुढं विकलेल्या दर बॅगेमागं रॉयल्टी, म्हणजे तंत्रज्ञानमूल्य, मोजलं. म्हणजे साखळी अशी: कास्तकार, दुकानदार, वितरक, बियाणे कंपनी, संयुक्त कंपनी, आणि शेवटी अमेरिकेत सेंट लुईसला असलेलं मोन्सँटोचं मुख्यालय. पैसा या साखळीतून बिनबोभाट वर गेला. जबाबदारी तेवढ्याच सहज खाली यायला हवी होती. ती बियाणे कंपनीपाशी येऊन अडकली, कारण कास्तकाराच्या हातात दुकानाची पावती सोडून दुसरा कागदच नव्हता.

आता इकडची, ऑस्ट्रेलियातली रीत बघा. परवाना थेट शेतकऱ्याला मिळतो. तो तंत्रज्ञान वापराच्या करारावर सही करतो आणि त्यात पैशाइतकंच शेत कसं करायचं तेही लिहिलेलं असतं. 1996 मध्ये पहिलं बीटी, इनगार्ड, आलं तेव्हा त्याला एकूण कापूसक्षेत्राच्या ठरावीक हिश्श्याची मर्यादा होती; ती टप्प्याटप्प्यानं 30 टक्क्यांवर गेली आणि दोन जनुकांचं बोलगार्ड-2 येईपर्यंत राहिली. बोलगार्ड-2 च्या काळात प्रत्येक शेतावर बीटी क्षेत्राच्या 10 टक्के बिनफवारणीची साधी कपाशी किंवा 5 टक्के तूर, असा ठरलेल्या पर्यायांपैकी एक लावणं बंधनकारक होतं. पुढच्या, तीन जनुकांच्या बोलगार्ड-3 ला ते निम्म्यावर आलं. हो, तूर! आपण कपाशीच्या ओळींत वरणासाठी पेरतो तीच. इथं ती कोणी खात नाही. अमेरिकन बोंडअळीचे पतंग वाढवायला लावतात. साध्या कपाशीच्या दुप्पट पतंग तुरीतून निघतात, म्हणून क्षेत्र निम्मं चालतं. हा पट्टा बीटी शेताच्या 2 किलोमीटरच्या आत हवा, बीटी फुलावर असेल तेव्हा तोही फुलावर हवा, आणि तपासणारा माणूस बांधावर येतो. वेचणीनंतर जमिनीतले कोष मरावेत म्हणून ठरलेल्या मुदतीत 10 सेंटिमीटर खोल मशागत करायची, हीसुद्धा करारातलीच अट होती.

एवढ्या खटाटोपाचं कारण साधं आहे. बीटी खाऊनही जगणारी एखादी अळी निघतेच. तिचा पतंग तशाच दुसऱ्या पतंगाला भेटला तर पुढची पिढी पूर्ण प्रतिकारक होते. शेजारी बीटी नसलेल्या पिकातून साधे पतंग भरपूर उडत असले तर जोडी त्यांच्याशी जमते आणि पिल्लं पुन्हा बीटीला बळी पडतात. आपल्याकडं शेजारच्या या बीटी नसलेल्या पिकाला रेफ्युजी म्हणतात.

आपल्याकडंही हा नियम कागदावर होता: 20 टक्के क्षेत्र किंवा भोवती पाच ओळी, यांपैकी जे जास्त. त्यासाठी 450 ग्रॅम बीटी बियाण्याच्या बॅगेबरोबर 120 ग्रॅमचं नॉन-बीटी पाकीट असायचं. त्या पाकिटाचं काय झालं, ते विदर्भातल्या कोणालाही विचारा. कोणी फेकलं, कोणी नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वापरलं. तीन एकरांच्या कोरडवाहू कास्तकारानं एक पंचमांश रान अळीला का सोडावं? इकडं शेकडो हेक्टरांचा मालक 5 टक्के सोडतो, कारण न सोडलं तर करार मोडतो. आपल्याकडं ना करार, ना तपासणारा. पुढं नॉन-बीटी बी त्याच पिशवीत मिसळून द्यायची पद्धत आली, पण तोवर गुलाबी बोंडअळीनं आपलं काम उरकलं होतं.

करार नाही, तर कास्तकार बी घरचं धरून पुढच्या वर्षी पेरणार नाही याची हमी कशी घ्यायची? 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्यानं आपल्या शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा हक्क दिलेला आहे. कंपन्यांचं उत्तर होतं संकरित वाण. संकरिताची सरकी पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून दरवर्षी दुकान गाठावंच लागतं. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत बीटी कपाशी सरळ वाणात आहे, म्हणजे घरचं बी पेरलं तरी पीक तसंच येतं. तिथं कुलूप कागदात, आपल्याकडं थेट बियाण्यात. या एका फरकाची किंमत आपण अजून फेडतो आहोत.

ती कशी, हे एका बोंडात दिसतं. संकरित वाणात जनुकं सहसा एकाच पालकाकडून आलेली असतात. त्या झाडाच्या बोंडातली सरकी म्हणजे पुढची पिढी, आणि तिच्यात जनुकांची वाटणी होते. बोंडात 32 सरक्या धरल्या तर हिशेबानं साधारण 18 मध्ये दोन्ही विषं, 12 मध्ये एकच, आणि 2 मध्ये काहीच नाही. गुलाबी बोंडअळी पानं खात बसत नाही. अंड्यातून निघाली की कोवळ्या बोंडात शिरते, छिद्र बुजून जातं आणि ती आत सरकीवर जगते. म्हणजे एकाच बोंडात तिला कमी, जास्त आणि शून्य अशी विषाची सगळी मापं चाखायला मिळतात. प्रतिकारशक्ती वाढवायला याहून सोयीची शाळा नाही. सरळ वाणात प्रत्येक सरकीत दोन्ही जनुकं असतात, तिथं ही मुभा नाही.

दुसरं, संकरित कपाशीचं बी महाग म्हणून लागवड विरळ. 4 बाय दीड फुटावर एकरी 7,260 झाडं बसतात. 90 बाय 15 सेंटिमीटरवर जवळजवळ 30,000. चौपट झाडांना चौपट बी लागतं, ते संकरितात परवडत नाही. मग प्रत्येक झाडाला जास्त बोंडं धरायला लावायची, त्याला वेळ लागतो, पीक दिवाळीनंतरही उभं राहतं. ज्याच्याकडं ओलिताची सोय आहे तो फरदड घेतो, म्हणजे तीच झाडं राखून आणखी कापूस, फेब्रुवारीपर्यंत. गुलाबी अळीच्या पिढ्यांवर पिढ्या निघतात, शेवटची पिढी सरकीत आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगात सुप्त बसते, आणि जूनमध्ये नवीन पीक तयारच.

भारतात एक जनुकाचं बीटी 2002 मध्ये आलं, दोन जनुकांचं 2006 मध्ये. 2010 पर्यंत गुजरातेत गुलाबी अळी पहिल्याला पचवू लागली होती, आणखी चार-पाच वर्षांत दुसऱ्यालाही. 2017 मध्ये विदर्भात बोंडं फोडली की आत अळी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं दगावली.

तुलना मात्र प्रामाणिकपणे करायला हवी. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या कापूसपट्ट्यात गुलाबी अळी नाहीच. त्यांची लढाई अमेरिकन बोंडअळीशी आहे, आणि ती आपल्याकडंही बीटीपुढं टिकली नाही. गुलाबीचा खरा मुकाबला पाहायचा तर अमेरिकेतल्या ॲरिझोनाकडं पाहावं लागतं. तिथं बीटी, ठरल्या तारखेच्या आत पऱ्हाटी गाडायची सक्ती, आधी रेफ्युजी आणि 2006 पासून तिच्या जागी विमानातून सोडलेले अब्जावधी नपुंसक पतंग, असं बरंच काही मिळून चाललं. ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकेनं आपल्या कापूसक्षेत्रातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. एकट्या जनुकावर कोणीच विसंबलं नव्हतं.

आता रॉयल्टीचं. 2005 च्या सुमारास बॅग सोळाशेच्या वर होती आणि त्यातले बाराशे पन्नास जनुकाचे. ही लूटच होती, त्यात शंका नाही. 2006 मध्ये आंध्र सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडं गेलं आणि बॅग साडेसातशेवर आली. पुढं केंद्रानं दर हातात घेतले: 2016 मध्ये बोलगार्ड-2 ची बॅग 800, त्यात तंत्रज्ञानमूल्य 49; मग 39, मग 20, आणि 2020 मध्ये शून्य. पेटंट 2019 मध्येच संपलं होतं, तेव्हा ते रास्तही होतं. पण बॅगेचा दर पाहा: 2020 मध्ये 730, 2025 मध्ये 901. रॉयल्टी गेली, बॅग महागली, आणि ज्या जनुकाचे पैसे द्यायचे नाहीत ते गुलाबी अळीपुढं कधीच निकामी झालेलं. इतक्या वर्षांच्या भांडणातून कास्तकाराला मिळालं ते एवढंच.

2017 नंतर नुकसानभरपाईसाठी विदर्भात लोकांनी तक्रारीचे 'जी' नमुन्यातले फॉर्म भरले, पंचनामे झाले. आधार होता महाराष्ट्राचा 2009 चा कापूस बियाणे कायदा, आणि तो बोट ठेवतो बियाणे कंपनीवर. कंपन्यांचा बचाव तयार होता: बी उगवलं, बीटी असल्याचं तपासात निघतं, अळी प्रतिकारक झाली त्याला आम्ही काय करावं? युक्तिवाद निर्लज्ज असेल, पण पूर्ण खोटा नव्हता. रेफ्युजी सांभाळणं हे जनुकाच्या मालकाचं काम, आणि जनुकाचा मालक या चित्रात कुठंच नव्हता.

हीच गोष्ट चोर बीटीला शंभर पटींनी लागू पडते. तणनाशक सहन करणाऱ्या या कपाशीला परवानगी नाही. महिकोनं तिचा अर्ज 2016 मध्ये मागं घेतला आणि बियाणं मागच्या दारानं पसरलं. 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं ते उघडपणे पेरून दाखवलं. निंदणाला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही. पेरणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र त्या बॅगेला पावती नाही, लॉट क्रमांक नाही. बी उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढं ठेवायला काहीच नाही. अधिकृत बियाण्याची निदान पावती, टॅग, रिकामी बॅग आणि मूठभर बी जपून ठेवता येतं. आणि तण मरेल, गुलाबी अळी मरणार नाही. आत बीटी असलंच तर तेच जुनं.

उद्या नवीन जनुक येईल, परदेशी कंपनीचं किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं. तेव्हा मोर्चा काढायचाच तर दरापेक्षा परवान्याच्या अटींसाठी काढावा. जनुक सरळ, कमी दिवसांच्या वाणात आधी द्या. संकरितात द्यायचंच तर दोन्ही पालकांत घाला, म्हणजे बोंडातली प्रत्येक सरकी सारखी निघेल. जनुकाच्या मालकाचं नाव भरपाईच्या कायद्यात बियाणे कंपनीच्या बरोबरीनं येऊ द्या. ऑस्ट्रेलियाचा करार जसाच्या तसा आपल्याकडं चालणार नाही; तीन एकरवाल्याच्या बांधावर तपासनीस पाठवून दंड करणं हा निव्वळ जुलूम होईल. इकडं खोल मशागत शेतकऱ्याच्या अंगावर टाकता आली, कारण त्याच्याकडं ट्रॅक्टर होता. आपल्याकडं डिसेंबरअखेर पीक काढून पऱ्हाटीचा भुगा करायचा तर श्रेडर लागतो, तो गावात असला तर एखादाच, आणि भाडं परवडत नाही म्हणून पऱ्हाटी बांधावर ढीग लावून चुलीसाठी राहते, अळीसकट. बॅगेमागं पुन्हा तंत्रज्ञानमूल्य बसणार असेल तर त्यातला ठरलेला वाटा या श्रेडरच्या भाड्याला जावा, आणि तशी अट मंजुरीच्या पत्रातच असावी.