सरांचं अवसान घालवण्याची सोपी रीत

विद्यार्थी मित्रहो, वर्गात सगळी सत्ता सरांच्या हाती असते, हा तुमचा गैरसमज आधी काढून टाका. हजेरी त्यांच्याकडे आणि मार्कही त्यांच्याकडे, हे खरं. पण रात्री अकरापर्यंत जागून तयार केलेलं लेक्चर चांगलं होतं की टाकाऊ, हे त्यांना तुमच्या तोंडाकडे बघूनच कळतं. तेव्हा तोंड सांभाळा.

आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली सांगून ठेवलंय की, ‘मला हे जमेल’ हा विश्वास माणसाला चार ठिकाणांहून मिळतो: आधी जमलेलं काम, दुसऱ्याला जमताना पाहणं, कुणी दिलेला धीर आणि स्वतःच्या छातीतली धडधड. शेजारच्या वर्गातून येणारा हशा तुम्हाला थांबवता येणार नाही. बाकीची तिन्ही खाती तुमच्याकडेच आहेत.

सरांनी विनोद केला की वहीत बघा. (विनोद खरंच वाईट असेल तर हे आपोआप जमतं.) सर रंगात येऊन एखादी संकल्पना उलगडू लागले की नेमका तो क्षण साधून विचारा, ‘‘सर, हे परीक्षेला आहे का?’’ या पाच शब्दांनी भले भले खाली बसलेत. तास संपायला दहा मिनिटं असताना बॅगेची चेन ओढा. एकाने ओढली की साठ जण ओढतात, सांगावं लागत नाही.

प्रश्न विचारला गेला तर मात्र घाबरू नका, फक्त गप्प राहा. मेरी बड रो या संशोधिकेने शाळांच्या वर्गांत मोजून पाहिलं होतं, प्रश्न टाकल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग तोच प्रश्न फिरवून विचारतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. तो एक सेकंद तुम्ही सहज काढाल. धोका आहे तो तीन सेकंद थांबणाऱ्या सरांचा. तेवढ्या वेळात मुलं विचार करू लागतात, उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारेही तोंड उघडतात, असंही त्याच बाईंना आढळलं. असे सर भेटले तर खिडकीबाहेर बघा.

सर्वात जपून राहायचं ते पहिल्या बाकावरच्या मुलीपासून. ती मान डोलावते. एवढ्यावर सर तीन आठवडे तग धरतात! आणि एखाद्या दिवशी तिने ‘‘पण सर, असं का होतं?’’ विचारलं, तर संपलंच. सर खडू उचलतात, फळा पुसतात, घड्याळ विसरतात. त्यांचा आवाज वर चढतो, ‘‘छान प्रश्न!’’ म्हणतात, पुस्तकात नसलेलं काहीतरी काढतात आणि गंमत म्हणजे ते तुम्हालाही कळू लागतं. मग शनिवारी जादा तास. त्याला तुम्ही चक्क वेळेवर हजर असता.