पाठीवर सॅक, हातात अर्धं तिकीट

"अगं, भावाची गाडी आहे ना दारात, मग एसटीनं कशाला?" साल्हेर किल्ल्याचे फोटो टाकल्यापासून हा प्रश्न निदान दहा जणांनी विचारलाय. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच मनापासून लिहिते. मोठं होईल, वेळ असेल तेव्हा वाचा.

२६ जानेवारीला जोडून चार दिवस मिळाले होते. आम्ही सहा जण, तीन मुली, तीन मुलं, सगळे पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे. त्यातल्या दोघांनाच मी आधीपासून ओळखत होते. बाकीचे ओळखीच्या ओळखीचे, कुणी नाशिकच्या अंबडला कंपनीत, कुणी अजून शिकतंय. ठरलं इतकंच होतं की वणी, सप्तशृंग गड, कळवण, सटाणा, ताहाराबाद करत साल्हेरला पोचायचं आणि सगळं लाल गाडीनं. मुलांनी 'आवडेल तेथे प्रवास'चा चार दिवसांचा पास काढला. आम्हा मुलींना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आम्ही जिथं जाऊ तिथलं तिकीट काढत गेलो.

या अर्ध्या तिकिटाला नाकं मुरडणारे खूप भेटतात. मी माझ्यापुरतं सांगते. कॉलेजात असताना आमच्या ट्रेकच्या गटात मुली म्हणजे एक किंवा दोन. आता निम्म्या असतात. पैसे वाचतात हे आहेच, पण घरून परवानगी मिळते ही त्याहून मोठी गोष्ट. माझी आई अनोळखी मुलांबरोबर कुणाच्या गाडीतून मला कधीच सोडणार नाही. यावेळी तिनं एकच विचारलं, "एसटीनंच जाणार ना? कंडक्टर असतो, चार बायका असतात. जा मग."

नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून निघालो तेव्हा गाडी खचाखच. सहा जणांत दोन जागा मिळाल्या, त्याही वेगवेगळ्या बाकांवर. आमच्यातला एक मुलगा नागपूरचा, नोकरीसाठी नवीनच नाशकात आलेला, अगदी अबोल. दिंडोरीला त्याला कशीबशी जागा मिळाली, तेवढ्यात एक बाई चढली. कडेवर मूल, हातात दोन पिशव्या. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि मूल सरळ त्याच्या मांडीवर ठेवलं. "दादा, धरता का जरा." वणीपर्यंत ते पोर त्याच्या जॅकेटची चेन तोंडात धरून झोपलं. चेन ओली झाली, त्यानं ती सोडवून घेतली नाही. हात अवघडला तरी हलला नाही. साल्हेरच्या पायथ्याशी रात्री शेकोटीजवळ तो म्हणाला, "नाशिकला येऊन तीन महिने झाले, पण हक्कानं काहीतरी काम सांगणारं पहिलं माणूस म्हणजे ती बाई." त्यानंतर तो बोलतच राहिला.

माझं म्हणणं इथंच आहे. चारचाकीनं गेलं की ज्याच्याबरोबर घरून निघालो त्याच्याबरोबरच दिवस जातो. पुढच्या गाडीतले चार आणि मागच्या गाडीतले चार संध्याकाळीही तसेच वेगळे बसतात. एसटीत दर स्टॉपला जागा बदलते, कधी हिच्याशेजारी, कधी त्याच्याशेजारी, कधी एखाद्या आजोबांशेजारी. कळवण येईपर्यंत सहाही जणांचे डबे सगळ्यांचे झालेले होते.

मागे एकदा पैसे भरून एका आयोजकाबरोबर हरिहर किल्ल्यावर गेले होते. टेम्पो ट्रॅव्हलर, मोठ्यानं लावलेली गाणी, वर जाताना कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्यांवर तासभर रांग. १८१८ साली इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जला त्या पायऱ्यांनी थक्क केलं होतं. मला मात्र त्या दिवशी फक्त समोरच्याच्या बुटांची टाच दिसली. परतले तेव्हा शेजारच्या मुलीचं नावही मला माहीत नव्हतं. त्याचं वाईट अजून वाटतं.

आणि खिडकी! कारमधून दिंडोरी-वणी रस्त्यावर दिसतात ती कुंपणं. एसटीची खिडकी उंच असते, तिथून द्राक्षबागेच्या मांडवाखालीही दिसतं आणि मांडवावरूनही. जानेवारीत घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले असतात, मणी गुलाबी पडू नयेत म्हणून. एकरच्या एकर बागेत कागदी पुड्या लटकलेल्या. वणीच्या पुढं सातमाळा डोंगररांग सुरू झाली तसं शेजारच्या आजोबांनी न विचारताच बोट दाखवायला सुरुवात केली. "हा मार्कंड्या. ते दोन शेजारी शेजारी दिसतात ना, ते रवळ्या-जवळ्या." तोवर मला सगळे डोंगर सारखेच वाटायचे. आता वाटत नाहीत.

सटाण्याला पुढच्या गाडीला दोन तास होते. कारनं आलो असतो तर सटाणा म्हणजे फक्त एक चहा. वेळ होता म्हणून आरम नदीकाठच्या देव मामलेदारांच्या मंदिरात गेलो. दुष्काळात लोक उपाशी मरताना पाहून सरकारी खजिना उघडणारे मामलेदार यशवंतराव महाराज. सरकारी अधिकाऱ्याचं देऊळ बांधणारं गाव कसं असेल, हे पाहायला दोन तास फार नाहीत.

संध्याकाळी मुल्हेरच्या पुढं कांद्याची लागवड करून परतणाऱ्या बायका गाडीत चढल्या. बोटं रोपांनी हिरवी झालेली, नखांत ओला चिखल, गाडीभर कांद्याच्या पातीचा वास. एका मावशीनं अहिराणीत विचारलं, "कथा जाई ऱ्हायनात?" म्हणजे कुठं चाललात. साल्हेर म्हटल्यावर दुसरा प्रश्न जेवायचं काय हाच. त्यांच्याच घरी गेलो. नागलीची भाकरी, उडदाचं वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा. पैसे त्या घेईनात, शेवटी देव्हाऱ्यापाशी ठेवून आलो. आम्ही एसटीतून उतरलो होतो, त्यांच्याच शेजारी बसून आलो होतो, म्हणून ते जेवण मिळालं असं मला पक्कं वाटतं. गाडी लावून "इथे जेवण मिळेल का?" विचारलं असतं, तर आम्ही गिऱ्हाईक झालो असतो.

दुसऱ्या दिवशी गड केला. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. वर परशुरामाचं देऊळ, खाली गंगासागर तलाव, समोर सालोटा, पलीकडे मुल्हेर, मोरा, हरगड, मांगी-तुंगीचे सुळके. १६७२ ला याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरवलं, मराठ्यांचे सरदार सूर्यराव काकडे इथंच पडले. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत साल्हेर आहे. आता इथं गर्दी वाढणार, आणि म्हणूनच मी हे कळकळीनं लिहितेय. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला काय होतं ते आपण बघतो. अंधारात लुकलुकून जोडीदार शोधणाऱ्या जिवांवर शेकडो गाड्यांचे हेडलाइट. चाळीस माणसं एका एसटीत बसली तर दिव्यांची एकच जोडी.

एसटीत सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. एका स्टँडवर गाडी रद्द झाल्याचं चौकशी खिडकीतल्या माणसालाही माहीत नव्हतं, दीड तास तिथं उभे होतो. बायकांच्या स्वच्छतागृहांबद्दल तर लिहितानाही राग येतो. दार आहे तर कडी नाही, कडी आहे तर पाणी नाही. तरुण मुलींनी फिरावं असं वाटत असेल तर आधी हे नीट करा. तिकिटातली सवलत त्याची भरपाई करत नाही.

२६ तारखेला पहाटे परतीच्या गाडीत बसलो. रात्री गावात मुक्कामाला असलेलीच गाडी, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपलेले. पहिल्याच थांब्यावर शाळेच्या मुली चढल्या, झेंडावंदनाला निघालेल्या. इस्त्रीचे गणवेश, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या, पांढऱ्या रिबिनी. थंडीत दात वाजत होते पण रिबीन चुरगळू नये म्हणून एकीनंही डोक्यावर स्कार्फ घेतलेला नव्हता. आम्ही सहाही जण उठलो, सॅका वर टाकल्या आणि त्यांना बसवलं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. उत्पन्न नाही म्हणून संध्याकाळची मुक्कामी फेरी बंद झाली, की सकाळची या मुलींची गाडीही गेली. ती एकच गाडी आहे. आपण शनिवारी संध्याकाळी सहा सीटा भरतो तेव्हा तिच्या हिशोबात सहा प्रवासी वाढतात. भावाच्या गाडीत पेट्रोल टाकून यातलं काहीच होत नाही.

पुढच्या महिन्यात बारीला जाणार आहोत, कळसूबाई करायला. घोटीला गाडी बदलायची. ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा, ओळख असलीच पाहिजे असं नाही. सॅक मांडीवर मावेल एवढीच आणा, गाडीत गाणी मोठ्यानं लावायची नाहीत, आणि सुट्टे पैसे जवळ ठेवा. मशीनवर आता फोननं पैसे देता येतात, पण डोंगरात रेंज जाते आणि कंडक्टरला पुढच्या थांब्याच्या आत सगळी तिकिटं फाडायची असतात.